टिनोपॉल आणि काळी बुरशी



आपल्या आयाबायांना टिनोपॉल ठाऊक आहे. ज्यांचे वय आज चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांनी शाळेचा पांढरा सदरा टिनोपॉलच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातलेला पाहिला असेल. टिनोपॉल मळ काढत नाही. मळ साबण काढतो. टिनोपॉल कापडाच्या धाग्याला चिकटून बसते आणि उन्हात जो डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश असतो, तो गिळून निळसर प्रकाश बाहेर टाकते. म्हणून पिवळट पडलेला सदरा पांढराशुभ्र दिसतो.

आजचा विषय आहे शरीराच्या आत घुसणाऱ्या बुरशीचे निदान. कपड्याच्या टिनोपॉलचा आणि या जीवघेण्या आजाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो शहाडच्या माणसाला तर चटकन समजेल असा आहे. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. पण तारखा, आकडे आणि कागद नीट लावणे हे कारकुनाचे काम असते. या आजारात माणूस वाचतो की जातो हे पुष्कळदा तारखेवरच ठरते. म्हणून हा हिशेब आपणापुढे मांडतो.

२०२१ सालचा मे महिना आठवा. कोविडची दुसरी लाट होती. ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती आणि त्यातच ‘काळी बुरशी’ हे नवे नाव घरोघर ऐकू येऊ लागले. डॉक्टर त्याला म्युकरमायकोसिस म्हणतात. आपल्या अगदी शेजारच्या म्हारळ गावातील एक रुग्ण आणि डोंबिवलीतील एक रुग्ण त्याच महिन्यात या आजाराने दगावल्याची नोंद झाली. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने सर्व राज्यांना कळविले की, हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा ठरवावा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी राज्यसभेत आकडे दिले. देशात ४५,३७४ रुग्ण आणि ४,३३२ मृत्यू. त्यांत महाराष्ट्राचे रुग्ण ९,३४८, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत जास्त.

पण हा आजार कोविडने जन्माला घातला, असे समजू नये. ही बुरशी माती, कुजलेला पालापाचोळा, शिळा पाव अशा ठिकाणी नेहमीच असते. तिचे सूक्ष्म बीज आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. धडधाकट माणसाचे शरीर ते तिथल्या तिथे संपवते. मधुमेह आटोक्यात नसलेला माणूस, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा, कर्करोगाचे औषध चालू असणारा, मूत्रपिंड बदललेला, अशांच्या शरीरात मात्र तिला पाय रोवायला जागा मिळते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ रुग्णालयांचा मिळून अभ्यास झाला. त्यात या आजाराचे २८७ रुग्ण सापडले. त्यांपैकी १८७ कोविडनंतरचे होते, म्हणजे उरलेल्या १०० जणांना कोविडशिवायच हा आजार जडला होता. साथ गेली तरी बुरशी गेली नाही, हे या आकड्यांवरून ध्यानात घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. काळी बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते आणि रक्त अडवते. रक्त न मिळालेले मांस मरते आणि काळे पडते. तो काळा रंग मेलेल्या मांसाचा आहे. म्हणजे नाकात किंवा टाळूवर काळे दिसू लागले, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय जिथे रक्त पोहोचत नाही तिथे रक्तावाटे दिलेले औषधही पोहोचत नाही. म्हणूनच डॉक्टर औषध देतात आणि मेलेला भाग कापूनही काढतात. कोणाचा वरचा जबडा जातो, तर कोणाचा डोळा. काळे दिसायची वाट पाहणे म्हणजे घर जळल्यावर विहीर खणणे.

मग लवकर ओळखायचे कसे? आमच्या वस्तीतील एका ताईंनी त्या वेळी मला विचारले होते, “दादा, एवढे महागाचे सीटी स्कॅन केले, आता पुन्हा नाकातला तुकडा कशाला हवाय त्यांना? पेशंटला किती छळायचं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असे की, सीटी स्कॅन आणि एमआरआय नुकसान दाखवतात. सायनस भरला आहे, हाड झिजले आहे, सूज डोळ्याकडे चालली आहे, हे त्यात दिसते. पण हे कोणी केले ते नक्की सांगता येत नाही. चोरी झाली हे घर पाहून कळते, चोर कोण ते कळायला पुरावा लागतो. नाकातला तुकडा हा पुरावा आहे.

चोर कोण हे कळण्याला इतके महत्त्व का? कारण बुरशी अनेक जातींच्या आहेत आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही. ॲस्परजिलस नावाच्या दुसऱ्या बुरशीवर व्होरिकोनाझोल हे औषध चांगले काम करते. म्युकरवर त्याचा उपयोग होत नाही. म्युकरला ॲम्फोटेरिसिन लागते. रक्तातून बुरशी ओळखण्याच्या ज्या दोन तपासण्या प्रचारात आहेत, त्याही म्युकरला पकडत नाहीत. तुकडा वाढवून पाहायची कल्चर तपासणी असते. पण तिला दिवस लागतात आणि बुरशी असूनही बऱ्याच वेळा ती उगवत नाही. तुकडा कुटताना तिचे नाजूक धागेच मरतात. तेव्हा पहिल्या दिवशी उत्तर देणारी वस्तू एकच उरते : सूक्ष्मदर्शक यंत्र.

तुकड्याचा लहानसा अंश काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. रुग्णालयात याला ‘केओएच’ तपासणी म्हणतात. त्या थेंबाने माणसाच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे मात्र तसेच राहतात. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले आणि मध्ये फारशा भिंती नसलेले असतात. ॲस्परजिलसचे बारीक असतात, त्यांत पेरे असतात आणि फांदी तिरकी, काटकोनाच्या निम्म्या कोनात फुटते. जाणकार डोळा काही मिनिटांत फरक सांगतो. अडचण एवढीच की पांढुरक्या पार्श्वभूमीवर हे पांढुरके धागे चटकन दिसत नाहीत. धुक्यात दोरा शोधण्यासारखे ते काम आहे.

इथे आपले टिनोपॉल मदतीला येते. कपडे उजळ दिसावेत म्हणून कापड धंद्यात जी द्रव्ये निघाली, त्यांतल्याच एकाला प्रयोगशाळेत कॅल्कोफ्लूर व्हाइट म्हणतात. ते टिनोपॉलच्याच घराण्यातले. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये ज्यांनी घाम गाळला, त्यांना सेल्युलोज सांगायला नको. लाकडाच्या लगद्यातून जो पदार्थ घेऊन रेयॉनचा धागा काढतात तोच सेल्युलोज. सुती कापडातही तोच. ही साखरेच्या कणांची लांब साखळी असते. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन नावाच्या पदार्थाची असते आणि कायटिन ही त्याच जातीची साखळी आहे, सेल्युलोजची चुलत बहीण म्हणा. कोळंबीचे, खेकड्याचे कवच याच कायटिनचे. माणसाच्या शरीरात मात्र सेल्युलोजही नाही आणि कायटिनही नाही. त्यामुळे हा रंग माणसाचे मांस सोडून बुरशीच्या भिंतीला जाऊन चिकटतो. मग विशिष्ट दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाश टाकला की, काळ्या फळ्यावर खडूने रेघ ओढावी तशी बुरशी लखलखते. १९८४ साली अमेरिकेत ही पद्धत रुग्णांच्या नमुन्यांसाठी सांगितली गेली. साधी केओएच आणि हा रंग एकत्र वापरला, तर तासाभरात उत्तर हाती येऊ शकते. यात सावधगिरीही लागते. बोळ्याचा किंवा पट्टीचा सुती धागा नमुन्यात आला तर तोही चमकतो, कारण तो सेल्युलोजच. म्हणून यंत्राइतकाच शिकलेला माणूस महत्त्वाचा.

एक स्पष्ट सांगून ठेवतो. हे वाचून कोणी घरात टिनोपॉल नाकाला किंवा जखमेला लावू नये. ते काम काचपट्टीवरचे आहे.

आता प्रश्न येतो की, तुकडा न कापताच, शरीराच्या आतच बुरशी उजळून दाखवता येईल काय? जगभरचे संशोधक सध्या याच मागे आहेत. यालाच प्रकाशाच्या साहाय्याने निदान म्हणतात. दोन उदाहरणे देतो.

पहिले डोळ्याचे. मुरबाड-शहापूरकडे भातझोडणीच्या दिवसांत डोळ्यात तूस गेले, काडी लागली की, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बुरशी शिरू शकते. पुष्कळ जण आधी दुकानातून मिळतील ते थेंब घालतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर बुरशीला मोकळे रान मिळते. डोळ्याचा हा पडदा काचेसारखा पारदर्शक असल्यामुळे तिथे प्रकाशाचे काम सोपे होते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नावाचे यंत्र लेझरचा बारीक किरण पडद्याच्या एकेका थरावर नेमून टाकते आणि फक्त त्याच थरातून परतलेला प्रकाश टिपते. पुस्तक न फाडता एकेक पान वाचावे तसे. जिवंत डोळ्यातच बुरशीचे धागे दिसतात. तामिळनाडूत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात २३९ रुग्णांवर या यंत्राची कसोटी घेतली गेली. २०१६ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बुरशी असलेल्या दर शंभरांत सुमारे ८५ जणांत यंत्राने ती बरोबर दाखविली. नसलेल्या दर शंभरांत सुमारे ८१ जणांत ‘नाही’ असे बरोबर सांगितले. आकडे चांगले आहेत, पण पूर्ण नाहीत, हेही त्यातून दिसते. तरी हे कागदावरचे स्वप्न नाही. आपल्याच देशात, गोरगरिबांच्या डोळ्यांवर झालेले काम आहे.

दुसरे फुप्फुसाचे. तिथे डोळ्यासारखी खिडकी नाही. घरी एक प्रयोग करून पाहा. अंधारात बॅटरीचा दिवा तळहाताखाली धरा. बोटांच्या कडेने लालसर उजेड वर येतो, निळा-हिरवा येत नाही. मांस आणि रक्त प्रकाश खाऊन टाकतात, लाल थोडा पुढे जातो, पण फार खोल नाही. म्हणून फुप्फुसातली बुरशी बाहेरून दिवा मारून दिसणार नाही. त्यासाठी दुर्बिणीच्या नळीतून केसासारखी बारीक काचतंतूची वायर आत न्यावी लागते. शिवाय फक्त बुरशीलाच चिकटून पेटेल असे द्रव्य हवे. स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात मार्क व्हेंड्रेल यांच्या गटाने इतर संशोधकांबरोबर असे एक द्रव्य बनविले. २०१६ साली ते प्रसिद्ध झाले. बुरशीवर हल्ला करणाऱ्या एका लहान प्रथिनाच्या तुकड्याला त्यांनी प्रकाश देणारा कण जोडला. तो कण पाण्यात विझलेला असतो, बुरशीच्या पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरला की पेटतो. शरीराबाहेर ठेवलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या तुकड्यात ॲस्परजिलस बुरशी या द्रव्याने उजळून दिसली.

पण ‘शरीराबाहेर ठेवलेल्या’ हे शब्द पुन्हा वाचा. प्रयोगशाळेत दिसणे निराळे आणि रुग्णालयात मिळणे निराळे. मधला रस्ता लांब आहे. द्रव्य विषारी नाही ना, चुकीचे पेटत नाही ना, हजारो रुग्णांत टिकते ना, हे सारे तपासावे लागते. तेव्हा उद्या कोणी जाहिरात केली की, ‘आमच्याकडे नव्या लाइटने पूर्ण शरीराची बुरशी तपासून मिळेल, अमुक इतके पैसे’, तर त्याला एक पैसा देऊ नका. संकट आले की लुबाडणारे आधी पोहोचतात, हे आपण २०२१ मध्ये पाहिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रथमच धोकादायक बुरशींची यादी काढली. तिच्यात १९ नावे आहेत, म्युकरचा गटही आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच संघटनेने आणखी सांगितले की, बुरशीच्या तपासण्या आणि औषधे दोन्ही कमी पडतात, आणि ज्या तपासण्या आहेत त्यांना बहुधा सुसज्ज प्रयोगशाळा आणि शिकलेली माणसे लागतात. याचा अर्थ गरीब देशांच्या, गरीब वस्त्यांच्या वाट्याला त्या उशिरा येतात. आपल्याला हे नवीन नाही. दिवा शहरात आधी लागतो, वस्तीत शेवटी.

आता हिशेबाकडे येऊ. उशिराची किंमत किती? अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील म्युकरच्या रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ॲम्फोटेरिसिन सहा दिवसांच्या आत सुरू झाले, त्यांच्यातील सुमारे ४९ टक्के १२ आठवड्यांत दगावले. ज्यांना सहा किंवा अधिक दिवस उशीर झाला, त्यांच्यातील सुमारे ८३ टक्के दगावले. ते रक्ताच्या कर्करोगाचे अशक्त रुग्ण होते, म्हणून तेच आकडे सर्वांना लागू करता येणार नाहीत. पण दिशा एकच आहे. औषध तेच, आजार तोच, फरक तारखेचा.

त्या तारखा कुठे जातात ते सामाजिक काम करताना मी पाहिले आहे. एका घरातल्या मावशींचा गाल दुखत होता, बधिर झाला होता. एके ठिकाणी दाताचे औषध मिळाले, दुसरीकडे सर्दीचे. मावशींना साखरेचा आजार आहे हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही लाजेखातर सांगितले नाही. असे दिवस गेले. मधुमेह ही लपवायची गोष्ट नाही. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता, आणि त्या दुखण्याशी झगडतच त्यांनी शेवटची वर्षे काम केले. मग आपण डॉक्टरपुढे तोंड का बंद ठेवावे?

औषधाचीही गोष्ट सांगतो. ॲम्फोटेरिसिन १९५० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी मातीतील जिवाणूपासून मिळविले. म्हणजे जीव घेणारी बुरशीही मातीतली आणि तिचे औषधही मातीतले. ज्यांचा कारखाना आपल्या अंबरनाथमध्ये आहे, ती भारत सीरम्स कंपनी हे औषध बनविणाऱ्या देशातील मोजक्या कंपन्यांपैकी एक होती. तरीही २०२१ मध्ये शहाड-उल्हासनगरचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन मुंबईपर्यंत वणवण फिरत होते. १२ जून २०२१ रोजी जीएसटी परिषदेने या औषधावरील ५ टक्के कर शून्यावर आणला. ती सवलत त्या वर्षाअखेरपर्यंतच होती. राज्य सरकारने या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करण्याचे ठरविले. हे चांगलेच झाले. पण योजनेला रुग्णाचे निदान लागते. निदानाचा कागद नसेल तर योजनेची फाईल पुढे सरकत नाही. म्हणजे ती काचपट्टीवरची तपासणी जिवासाठी जितकी महत्त्वाची, तितकीच खिशासाठीही.

म्हणून माझे म्हणणे असे. परदेशातील नवा दिवा यायचा तेव्हा येवो, त्याचे स्वागत करू. पण आज जो दिवा हातात आहे, तो तरी आपल्या वस्तीपर्यंत पोहोचला पाहिजे. एक चांगला सूक्ष्मदर्शक, केओएचचा थेंब, कॅल्कोफ्लूरची बाटली, अतिनील दिव्याची सोय आणि ते पाहून सांगणारा एक शिकलेला माणूस. मोठ्या स्कॅनच्या यंत्रांपुढे हा खर्च फार लहान आहे. कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगरच्या लोकप्रतिनिधींना, महापालिकांच्या आरोग्य विभागांना आपल्या मंडळांनी, महिला मंडळांनी लेखी विचारावे : आपल्याकडे बुरशीची सूक्ष्मदर्शक तपासणी होते का? होत नसेल तर नमुना कुठे पाठविता आणि उत्तर किती तासांत येते? अर्जाची प्रत घ्यावी, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, आवक झालेला कागद राहतो.

घरासाठी एवढे लिहून ठेवा आणि कपाटाच्या आत चिकटवा.

१) घरात मधुमेही, स्टेरॉइड घेणारा किंवा कर्करोगाचे औषध चालू असलेला माणूस असेल आणि त्याला चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे, सूज किंवा बधिरपणा आला, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव आला, अचानक दात हलू लागले, पापणी पडू लागली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. उद्यावर टाकू नका.

२) डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा : साखर आहे, अमुक गोळ्या चालू आहेत. शेवटच्या तपासणीचा कागद सोबत ठेवा.

३) नम्रपणे विचारा : “डॉक्टर, बुरशीसाठी दुर्बिणीने नाक पाहायचे का? केओएच करायची का?” विचारणे हा अपमान नाही, रुग्णाचा हक्क आहे.

४) स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने सुरू करू नका आणि चालू असेल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. दोन्ही घातक.

५) मोठ्या रुग्णालयात पाठविले तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा.

६) हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. रुग्णाची भांडी वेगळी करू नका, त्याला वाळीत टाकू नका. वेगळे ठेवले जाण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

बुरशी अंधारात, ओलाव्यात आणि दुर्लक्षात वाढते. सदऱ्याला चमक देणाऱ्या साध्या द्रव्याने ती उजेडात येते, हे माणसाने शोधून काढले आहे. तो उजेड कळवा, सायन, परळपर्यंतच न थांबता शहाड, म्हारळ, आंबिवलीपर्यंत यावा यासाठी अर्ज लिहिणे हे आपले काम. आणि तो येईपर्यंत, रोजची साखर तपासत राहणे हेही आपलेच काम.